वजू टिकत नाही

९ फेब्रुवारी, रविवार

टायरच्या कंपनीने जावयाला दिलेली ही डायरी दुकानात पडून होती, ती मी मागून घेतली. मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली. पण कारण आहे. नमाज पढून उठलो की थोड्या वेळाने मला वाटतं, खरंच पढलो का? की नुसता उभा राहून आलो? मग परत पढतो. लिहून ठेवलं तर पुरावा राहील.

आज पहाटेची फजर झाली. दुपारची जुहर झाली. मावळतीआधीची असर झाली. आता असरचं लिहिलं ते खरं लिहिलं ना, असं वाटतंय.

नमाजीआधी हातपाय धुवायचा जो वजू, त्याचं तर सांगायलाच नको. हात धुतले, तोंड धुतलं, कोपरापर्यंत आलो की शंका येते, बोटांच्या मधे पाणी गेलं का. परत पहिल्यापासून. पाय धुवून होतात तोवर वाटतं खाली थेंब गळला. लघवीचा. वयाने होतं असं, मेडिकलवाला म्हणाला. त्याला काय कळणार. लहानपणी मकतबात उस्ताद सांगायचे, लघवीच्या थेंबांची पर्वा न करणाऱ्याला कबरीत अजाब होतो, शिक्षा होते. मी सात वर्षांचा होतो. आता सत्तरी कधीच ओलांडली. एक दिवस ते विसरलो नाही.

बोटांची सालपटं निघतात. भेगांतून रक्त येतं, आणि रक्तही नापाकच. म्हणजे परत धुवा. स्वतःच्याच हातांची किळस येते.

सकाळी भरलेली टाकी दुपारी संपली. बायको, मुनिरा, म्हणाली, "तुमी नमाजी हाव का धोबी?" इंदूबाई शेजारून ऐकून हसली. मला काही हसू आलं नाही.

११ फेब्रुवारी

चहा घेताना मुनिराचं बोट लागलं. आम्ही कोकणी, शाफई मजहबचे. आमच्यात बायकोच्या कातडीला कातडी लागली की वजू जातो. नियम आहे, मी काढलेला नाही. तिला किती वेळा सांगितलं, कप खाली ठेवत जा. ती म्हणते, हयातभर मी कप हातात दिला, आता कुत्र्यासारखा खाली ठेवू? कुत्रा नापाक, त्याचं नाव कशाला काढलं. दिवसभर डोक्यात कुत्रा राहिला.

दुकानावर जाऊन बसलो. चौक गावातलं हे पंक्चरचं दुकान मी काढलं, आता जावई तल्हा बघतो. हमरस्त्यावर फार्महाऊसला जाणाऱ्या गाड्या थांबतात. मुंबईची पोरं बिअरचे डबे खिडकीतून फेकतात आणि आमच्या दुकानाच्या भिंतीवर लघवी करतात. मला ओकारी येते. तल्हा त्यांना सर सर म्हणतो.

पंक्चरचं काम मला अजून आवडतं. ट्यूब पाण्याच्या हौदात बुडवायची. बुडबुडा आला तर भोक आहे, नाही आला तर नाही. संपलं. माणसाला असं बुडवून बघता येत नाही.

परवा शबे बरात. ओवेस पुण्याहून येणार आहे. आमचा एकुलता एक मुलगा. औषधांच्या कंपनीत आहे, छत्तीस वर्षांचा झाला, लग्नाला नाही म्हणतो. मुनिराने खांडवी करायला रवा आणला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

शबे बरातला आम्ही कबरस्तानात जाऊन आपल्या मेलेल्यांसाठी फातिहा पढतो. काल संध्याकाळी मगरीबच्या नमाजीनंतर ओवेसला घेऊन गेलो. माझ्या आईबापाच्या कबरींपाशी उभं राहून मी त्याला म्हटलं, माझी जागा बहुतेक इथेच असेल, आणि माझ्या जनाज्याची नमाज मौलानांना नाही, तूच पढवायची. मुलाची दुआ कबरीत पोचते. त्याला ठाऊक आहे. मीच शिकवलं.

तो फाटकाबाहेर आल्यावर बोलला.

"अब्बा, मी पढवू शकत नाही. सहा वर्षं झाली, मी नमाज सोडली. मी मानतच नाही."

मला वाटलं आळशीपणाबद्दल बोलतोय. म्हटलं, पुण्यात वेळ मिळत नसेल, शुक्रवारी जुम्माची तरी पढत जा. तो म्हणाला, वेळेचं नाही. अल्ला आहे, कबरीत फरिश्ते येतात, हे काहीच मानत नाही. मी म्हटलं, जनाज्याला तरी उभा राहा, लोकांसाठी.

"जे मनात नाही ते तुमच्या मयताशी उभं राहून बोलू? तेवढी अदब तरी ठेवू द्या मला."

रस्त्याच्या कडेला बसलो. तो मला उठवायला वाकला, मी हात झटकला. त्याच्या हाताची मला शिसारी आली. लहानपणी ज्याचं गू-मूत काढलं त्याच्या हाताची. आता असंही वाटतं की तेव्हा आली नव्हती, नंतर घरी आल्यावर आली. काय खरं ते कळत नाही.

तो खांडवी न खाता गेला. मुनिराला त्याने सगळं सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं, तू कशी गप्प राहिलीस? म्हणाली, "माझं पोर हाय. अल्ला बघून घेल. मी का अल्लाची चौकीदार?" आणि झोपली. ही बाई पाच वेळा पढते, एकदाही परत पढत नाही, आणि उशीवर डोकं टेकलं की घोरते. हिला भीती कशी नाही?

१६ फेब्रुवारी

तल्हाला कळलं. मुनिराने आमच्या मुलीला, हुदाला, सांगितलं असणार आणि हुदाने नवऱ्याला. तल्हा दुकान सोडून आला. म्हणाला, असा माणूस घरात आला तर बरकत जाते, त्याच्या हातचं खायचं नाही, जमातीत सांगून टाका की आमचा संबंध नाही. मग मोबाइल काढून दोजखचे व्हिडिओ दाखवले. आग, साखळ्या, मागे कोणीतरी किंचाळतंय. कॉम्प्युटरवर केलेलं असतं म्हणतात. ते बघता बघता त्याने बोट सरकवलं, पुढे एक माणूस केळ्याच्या सालीवरून पडत होता, तल्हा हसला. मला त्याचीही किळस आली.

तरी तो सांगतो त्यात चूक काय? ओवेसला फोन केला. सांगितलं, रमजानात या घरी तोंड दाखवू नको. तो बरं म्हणाला. नुसतं बरं. भांडला असता तरी चाललं असतं.

२० फेब्रुवारी

ओवेसने ज्या चादरीवर बसून चहा प्यायला ती धुतली. कप धुतला. मग वाटलं कपाचं पाणी पायावर उडालं. मुनिराने कप हातातून ओढून घेतला आणि बाहेर दगडावर आपटून फोडला. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. म्हणाली, आता धुवा.

मला एक समजत नाही. मी या पोराला सगळं शिकवलं होतं. कलमा, नमाज, अजाब, सगळं. कसर ठेवली नाही. पाठ नाही झालं तर छडी होती. मग गळती लागली कुठून?

कयामतच्या दिवशी मला विचारतील, तुझा मुलगा कुठे आहे. मी काय सांगणार, पुण्यात?

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. फजर झाली. वजूला वेळ लागला म्हणून मशिदीत सगळ्यांबरोबरची जमात चुकली. गुळणी करताना पाणी घशात गेलं की काय, रोजा तुटला की काय, याच विचारात दुपार गेली. थुंकी गिळायची भीती वाटते. दिवसभर थुंकत होतो. इंदूबाई म्हणाली, भाई, पोट बिघडलं काय. लाज वाटली.

इफ्तारला आम्ही दोघंच. मुनिराने तिसरी ताटली मांडली आणि मग उचलून ठेवली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

७ मार्च

जुम्मा. मौलाना बयानात म्हणाले की अल्लाला तुमच्यावर अवघड करायचं नाही, सोपं करायचं आहे. माझ्याकडे बघून म्हणाले असं वाटलं. मशिदीच्या हौदावर मी जरा जास्त वेळ घेतो, पोरं रांगेत खाकरतात. पण मौलाना तरुण आहेत. त्यांनी माझ्या उस्तादांना ऐकलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

रुग्णालयातून आलो. झालं तसं लिहितो.

अजान व्हायला थोडा वेळ होता. मी मोरीतून वजू करून निघालो. आज पहिल्यांदा वजू असा झाला की मनात एकही शंका नव्हती. एकही नाही. किती दिवसांनी. मी अगदी हळू चालत होतो, जसा भरलेला पेला घेऊन चालतात. मुनिरा खजूर आणि फळांची ताटली घेऊन येत होती. तिचा पाय सरकला. लादी ओली होती.

ती कुशीवर पडली. आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. तिने हात वर केला. म्हणाली, "अवो, धरा."

मी हात पुढे केला. मग वाटलं, आता अजान होईल. हा वजू गेला तर परत असा होणार नाही. कापड मधे असलं तर वजू जात नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी टॉवेल आणायला आत गेलो. दोरीवर होता तो पाक आहे की नाही खात्री नव्हती. कपाटातला काढला. तो खाली टेकला. दुसरा बघत होतो. बाहेर ती परत धरा म्हणाली, मग म्हणायची थांबली.

मी इंदूबाईला हाक मारली. ती धावत आली, पाठोपाठ तिचा मुलगा धनेश. तिने मुनिराचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे वर बघितलं. माझ्या हातात तीन टॉवेल होते.

"भाई, तुमी नुसतं बघत उभं ऱ्हायले?"

धनेशने टेंपो आणला. त्यांनी तिला फळीवर घालून चढवलं. इंदूबाई जाता जाता म्हणाली, या घराची लादी कंदी सुकतच नाय. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. वाटेत अजान झाली. खुब्याचं हाड मोडलंय. कर्जतला दाखल केलं, ऑपरेशन होणार.

मगरीब रुग्णालयाच्या व्हरांड्यात पढलो. वजूबद्दल खात्री होती.

१३ मार्च

ओवेस रात्रीच पुण्याहून निघाला होता, मी सकाळी पोचलो तर आईच्या उशाशी बसलेला. इंदूबाईने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याला बाहेर जा म्हटलं नाही. रमजानात तोंड दाखवू नको म्हटलं होतं, ते घरात. रुग्णालय घर नाही.

त्याने रोजा नव्हता धरलेला. पण माझ्यासमोर पाणीही प्यायला नाही. कँटीनला गेला तेव्हा सांगून गेला नाही, गुपचूप गेला. नर्सने मुनिराला अंड्याचं विचारलं, बरोबर मांसही मिळतं म्हणाली, तर हाच पटकन म्हणाला, हलाल असेल तरच. मी ऐकलं. मानत नाही म्हणे.

१७ मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे तरी चालायचं नाही.

रुग्णालय म्हणजे घाणीचं घर. तांबडे बोळे बादलीत, पडद्यांवर डाग, एकाच दांड्याला शंभर हात. मी कोपराने दार ढकलतो. नळावर उभा होतो असरसाठी, मागे लोक बडबडायला लागले. ओवेस आला. त्याने माझे हात बघितले. दिव्याखाली भेगा लाल दिसत होत्या. त्याने नळ बंद केला आणि तांब्यात पाणी घेतलं. म्हणाला, "तीनदा, अब्बा. मी मोजतो. हात. तोंड. आता हे." मधे मी थांबलो तर म्हणाला, झालंय, मी बघितलंय, पुढे. वजू झाला. परत केला नाही. जे मानत नाही त्याने करवला. याने करवलेला वजू धरतात का, विचारावं लागेल.

नंतर त्याच्याशी बोलायचं नव्हतं तरी बोललो. मुनिराने सांगितलं होतं की हा पुण्यात दिवा लावून झोपतो. बाथरूमचा, स्वयंपाकघराचा, सगळे. मी विचारलं, खरं? तो म्हणाला, हो. अंधार झाला की छातीवर माती पडते असं वाटतं. कबरीतले फरिश्ते येऊन विचारणार, तुझा रब कोण, आणि मला उत्तर येणार नाही. दिवसा मला ठाऊक असतं कोणी येणार नाही. रात्री ठाऊक नसतं.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, बघ, म्हणजे ईमान अजून आहे. भीती आहे म्हणजे आहे. तुझ्या आत कुठे तरी शिल्लक आहे.

तो हसला, पण ते हसणं नव्हतं. म्हणाला, "अब्बा, तुम्ही मला खोदलेल्या कबरीत उतरवलं होतं. मी दुसरीत होतो. वरून म्हणालात, आता मी गेलो तर तू काय करशील."

हे मला आठवतं. शेजारच्या गफूरची कबर होती. थोडाच वेळ ठेवलं होतं. मुलाच्या भल्यासाठी. मला उस्तादांनी तोंडी सांगितलं, मी त्याला दाखवून सांगितलं, एवढाच फरक. मी म्हटलं, मीही घाबरलो होतो, पण मी पळालो नाही.

तो म्हणाला, तुम्ही कुठे थांबलात? दिवसभर नळाखाली असता.

मी उठून दुसऱ्या बाकावर गेलो. उलट उत्तर द्यायची रीत आमच्यात नव्हती.

२३ मार्च

मुनिराला घरी आणलं. ओवेसने ऑफिसातून सुट्टी घेतली आहे, घरात राहतो. मी काही बोललो नाही. तिला बेडपॅन तो देतो, इंदूबाई अंघोळ घालते. मी औषधाच्या वेळा बघतो आणि ताटली खाली ठेवतो. मुनिरा मला हवं नको विचारते, बाकी बोलत नाही. पूर्वी टोमणे मारायची. आता तेही नाही.

मौलानांकडे गेलो. विचारलं, बेईमान, म्हणजे ईमान नसलेल्या माणसाने सांगितलं वजू झाला, तर मानायचा का? मौलाना म्हणाले, कोण बेईमान? मी नाव सांगितलं नाही, त्यांना कळलं. म्हणाले, रमजानभाई, ज्याला वसवसा, म्हणजे शंकेचा रोग आहे त्याला शरियतच सांगते, दुसऱ्यांदा धुवू नको. तुम्ही जे करता त्याला तकवा, अल्लाचं खरं भय, म्हणत नाहीत. मग म्हणाले, मुनिराभाभींचं ऐकलं. मी खाली बघत होतो.

"वजू गेला असता तर परत केला असता. भाभी गेल्या असत्या तर?"

मी म्हटलं, मी टॉवेल शोधत होतो.  त्यांनी मला पाणी विचारलं, मग रोजा आहे हे आठवून स्वतःच ओशाळले.

बाहेर आलो आणि गटाराशी उभं राहून ओकलो. पोट रिकामं होतं, नुसतं पिवळं आलं. ते तीन टॉवेल डोळ्यासमोरून जात नाहीत. तिसरा निळ्या काठाचा होता.

३१ मार्च, सोमवार

ईद. नमाज झाली. गळाभेटी झाल्या, लोकांनी अत्तर लावलेलं, मला त्या वासाने मळमळलं. ओवेसबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

तल्हा आणि हुदा आले. तल्हा उंबऱ्यात उभा राहिला. ओवेस आत शीरखुर्मा ढवळत होता. तल्हाने मला बाहेर बोलावलं. म्हणाला, हा इथे असेल तर आम्ही खाणार नाही. हा नाही तर आम्ही, ठरवा. दुकान मी चालवतो हेही त्याने आडून सुचवलं. हुदा आईजवळ जाऊन बसली.

मला काही ठरवता येत नव्हतं. मी दारात उभा होतो, ना आत ना बाहेर. तेव्हा मुनिरा आतून बोलली. मोठ्याने नाही.

"मला उचलायला तुमी नाय आले. ते मी अल्लाला सांगनार नाय. पन माझ्या पोराला उचला. तो पन पडलाय."

तल्हानेही ऐकलं. तो म्हणाला, सासूबाई आजारी आहेत, बोलतात काहीही. मी त्याला म्हटलं, शीरखुर्मा खायचा असेल तर आत ये, नाही तर ईद मुबारक. तो गेला. हुदा संध्याकाळपर्यंत थांबली.

मी काय बोललो ते मला अजून नीट कळलेलं नाही. ओवेसने वाटी दिली. त्याच्या हातचं. मी खाल्लं. पहिला घास घशात फिरला, ओकारी येईल असं वाटलं. आली नाही. गोड जास्त झालं होतं.

३ एप्रिल

ओवेस म्हणतो, कर्जतला मंगळवारी एक डॉक्टरीण बसते, डोक्याची. मी म्हटलं, मी वेडा आहे? तो म्हणाला, मौलानांना विचारा. मी विचारलं. मौलाना म्हणाले, जा, दवा घेणं सुन्नत आहे, पैगंबरांचीच रीत. दोघांनी आधीच ठरवलं असावं. एक मानणारा, एक न मानणारा, आणि माझ्याविरुद्ध एक झाले.

८ एप्रिल, मंगळवार

मिनीडोर रिक्षाने कर्जतला गेलो. दवाखान्याच्या बाकावर गर्दी, एका पोराने उलटी केली, वर कोणी राख टाकलेली. मी उभाच राहिलो.

डॉक्टरीणबाई वयाने हुदाएवढी. माझे हात बघितले आणि सगळं विचारलं. पाणी, थेंब, नमाज. मला वाटलं हसेल, नाही हसली. म्हणाली, आजोबा, हा आजार आहे. माझ्याकडे सोवळ्यातल्या एक आजी येतात, कोणी शिवलं की नऊवारीसकट अंघोळ करतात. अगदी तुमच्यासारखंच. मला ते आवडलं नाही. माझी भीती आणि त्या बाईचं सोवळं एक कसं? पण आजी काय करतात आता, हे विचारलं. बऱ्या आहेत म्हणाली. गोळी लिहून दिली. आणि सांगितलं, एकदा वजू झाला की शंका येऊ द्या, पण नळाला हात लावू नका. शंका नुसती बसू द्या शेजारी. ती किती वेळ बसते ते बघा.

उठायची वेळ आली. ओवेसने चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, चला अब्बा.

मी खुर्चीवरून उठलो नाही. का ते आता लिहिताना शोधतोय. मुनिराचं बोलणं असेल. तिने हात वर केला होता तेव्हा मी आत गेलो होतो, तसंच परत होईल असं वाटलं असेल. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, "ह्यालाही बघा. हा छत्तीस वर्षांचा झाला, दिवा लावून झोपतो. लहानपणी मी ह्याला कबरीत उतरवलं होतं."

ओवेसचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, अब्बा, कशाला. डॉक्टरीणबाई म्हणाली, बसा, आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

दार लोटून बाहेर आलो तेव्हा कळलं मी काय केलं ते. त्याच्यात ती भीतीच तेवढी शिल्लक होती. मी लावलेली तेवढीच एक गोष्ट. तीही ही बाई काढून टाकणार. मग तो परत यायला वाटच राहणार नाही, आणि माझ्या कबरीवर कोणी दुआ करणार नाही. मला हाक मारावीशी वाटली, बाई, राहू द्या. दाराला हात लावला होता. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. मोठा बाप्या माणूस, असा रडतो की शेजारच्या बाकावरची बाई उठून पाणी आणायला गेली.

मी बाकावर बसलो. राखेच्या शेजारीच बसलो. त्या उलटीची किळस आली नाही. मला माझ्या उस्तादांची शिसारी आली. हे लिहू नये. ते मेले, अल्ला त्यांना माफ करो. त्यांनाही कोणी तरी असंच सांगितलं असेल. मग मला माझी आली. अल्लाची नाही आली. ते मी नीट तपासून बघितलं, नाही आली. अल्ला आणि उस्ताद वेगळे आहेत, हे मला या वयात, एका घाण बाकावर समजावं.

तो बऱ्याच वेळाने बाहेर आला. डोळे सुजलेले.  आम्ही मिनीडोरमधे मागे बसलो. ऊन होतं, रस्त्याला धूळ. कर्जत सुटलं तसा तो पेंगायला लागला. आधी खिडकीच्या दांड्याला डोकं टेकवलं, खड्ड्याने आपटलं, मग माझ्या खांद्यावर आलं. तोंड उघडं. लाळ माझ्या सदऱ्यावर गळत होती, ओली लागत होती खांद्याला. लहानपणी असाच झोपायचा.

मी खांदा हलवला नाही.

चौक आलं. ड्रायव्हर पोपट ओळखीचा. मागे वळून म्हणाला, चाचा, उतरायचं नाय का? मी त्याला हाताने गप्प केलं. म्हटलं, पुढे दांडफाट्यापर्यंत घे. तिथून परत येऊ.